घळीत पेरलेल्या माश्या

थ्येन सूफनचा आवाज नदीपलीकडे जायचा. तिचा नवरा श्यांग युंगथाय नदीवर होडी चालवायचा, माणसं, कोंबड्या, खताची पोती इकडून तिकडे न्यायचा. पाण्याच्या मध्यावर असतानाही आपली बायको आज कोणाशी आणि कशावरून भांडतेय ते आपल्याला कळतं, असं तो शपथेवर सांगायचा. "बरंच आहे ते," तो म्हणायचा. "तिच्या शिव्यांना ताल असतो. वल्हं सोपं जातं."

गावातले लोक म्हणायचे की हिला भांडायला कारण लागत नाही. ते खोटं होतं. कारण असायचंच. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवलेली असायची, एवढंच. ती लग्न होऊन ह्वांगपो गावात आली तेव्हा नदीपासून वर घरांपर्यंत उतारावर कोरलेल्या शेतांच्या सगळ्या पायऱ्यांवर मका होता. मका मोडून तिथे संत्र्याची झाडं लावायची म्हणून ती सासऱ्याशी भांडली, आणि सासऱ्याने एक अख्खा हिवाळा तिच्या हातचं खात असूनही तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे त्याच झाडांची संत्री शेजाऱ्यांना वाटत फिरताना म्हातारा "आमची बाग, आमची बाग" करायचा. त्यावरही ती भांडली होती.

अळी पहिल्यांदा दिसली त्या वर्षी शरद ऋतू कोरडा होता. बाग अजून हिरवीगार, आणि त्या हिरव्यात मधूनच एखादं फळ लालसर पिवळं झालेलं. सूफनला वाटलं, ही आपली लवकर पिकलेली. तिने एक तोडून होडीवर नवऱ्याला नेऊन दिलं. युंगथायने सोललं, एक फोड तोंडात टाकली, चावता चावता थांबला आणि हातातल्या उरलेल्या फळाकडे बघत राहिला.

"काय झालं रे, म्हाताऱ्या? आंबट आहे?"

"आंबट नाही," तो म्हणाला. "वळवळतंय."

पुढच्या पंधरवड्यात फळं पटापट गळायला लागली. ज्याच्या त्याच्या झाडाखाली तोच सडा. वरून बघावं तर साल गुळगुळीत, कुठे डाग नाही. फोडलं की आत पांढऱ्या जाड अळ्या आणि फोडींचा नुसता चोथा. आणि हे सगळ्यांच्या बागेत होत असताना सगळा गाव एकमेकांना सांगत होता की आमच्याकडे तसलं काही नाही.

गावप्रमुख होता फंग ज्याफू. संत्री धुऊन, निवडून खोक्यांत भरायची गावातली एकुलती एक शेड त्याचीच. त्याने सगळ्यांना खळ्यावर बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं, "हे बघा, 'अळी' हा शब्द कोणी मोटाररस्त्याच्या पुलापलीकडे नेऊ नका. कोणी विचारलं तर म्हणायचं, यंदा ऊन फार, म्हणून फळ गळतंय."

"आणि व्यापाऱ्याने फळ फोडलं तर? आतून ऊन बाहेर येईल का?" सूफनने विचारलं.

लोक हसले. ज्याफूही हसला. तो नेहमी हसायचाच. "सूफन वहिनी, तुमचं तोंड जरा आवरा. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

अब्रू काही दिवस टिकली. मग तालुक्याच्या बाजारात कोणाच्या तरी खोक्यातून अळी निघाली, आणि ट्रक पुलाच्या तोंडाशीच वळून परत जायला लागले. चांगली फळं झाडावर सुकली. गळलेली फळं लोकांनी शेजाऱ्याच्या बांधावरून पलीकडे ढकलली, किंवा टोपल्या भरभरून नदीत ओतली. सूफन घाटावर उभी राहून ओरडायची, "अरे, खालच्या गावात माणसं राहतात की नाही? तुमचा नरक त्यांच्या दारात का पाठवता?" कोणी मान वर करायचं नाही. टोपली रिकामी करायची आणि निघून जायचं.

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या पीकसंरक्षण केंद्रातून लू बाई आल्या. तरुण, बारीक चणीच्या, मोटारसायकलवर. त्यांनी भाषण केलं नाही. सूफनच्या बागेत एका झाडाखाली उकिडव्या बसल्या आणि खुरप्याने चार बोटं माती उकरून तळहातावर घेतली. मातीत गव्हाच्या दाण्यासारखे, पण जरा मोठे, पिवळट तपकिरी दाणे होते.

"हे कोष," त्या म्हणाल्या. "अळी फळाबरोबर खाली पडते, फळातून निघते, मातीत शिरते आणि असा कोष करून हिवाळाभर झोपते. झाडाचा बहर संपत आला की माशी होऊन वर येते. गांधीलमाशीसारखी दिसते, पण डंख मारत नाही. काही दिवस वरच्या रानात जाते, पानांवरचा चिकटा चाटते. मग परत बागेत येते आणि सुपारीएवढ्या हिरव्या फळात सुई खुपसून अंडी घालते. बाहेरून नीट बघितलं तर टोचल्या जागी बारीकसा उंचवटा दिसतो. तेवढाच."

"म्हणजे आम्ही शरदात बघतो ते उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच होऊन गेलेलं असतं," सूफन म्हणाली.

"हो, काकू. आणि तेव्हा फवारून आतल्या अळीला काही होत नाही. पण या माशीचं एक बरं आहे. ती वर्षातून एकदाच वाढते. एका वर्षी सगळ्यांनी मिळून साखळी तोडली तर दुसऱ्या वर्षी माशी येणार कुठून? सगळ्यांनी मात्र. एका बागेने केलं आणि शेजारच्याने नाही केलं, तर केलेलं वाया."

उपाय साधे होते. माश्या निघतात तेव्हा साखर, व्हिनेगर आणि औषध कालवून बाटल्या झाडांना टांगायच्या. माशी अंडी घालण्याआधी भुकेली असते, ती तिथे येते आणि मरते. नंतर लवकर रंगलेलं फळ झाडावरच तोडायचं, गळलेलं रोज उचलायचं, अळी मातीत शिरायच्या आत. जाड हिरव्या पिशव्यांत भरून तोंड घट्ट बांधायचं, म्हणजे आत हवा न मिळून अळ्या मरतात. मग पिशव्या खोल खड्ड्यात टाकून चुना आणि वर माती, तुडवून घट्ट.

पिशव्या केंद्राकडून मिळाल्या. खड्ड्याची जबाबदारी ज्याफूने आपणहून घेतली. "गावासाठी एवढं तर मी करणारच," म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूफननेही वाजवल्या. पुढे किती तरी दिवस तिला आपल्या त्या दोन हातांचाच राग येत राहिला.

पुढचं वर्ष तिने गावाला सुखाने झोपू दिलं नाही. उन्हाळ्यात कोणाच्या झाडाला बाटली नाही ते बघत ती पायऱ्यांवरून फिरायची. शरदात पहाटे दारं वाजवायची. "ऊठ गं, तुझ्या झाडाखाली पोरं जन्माला येतायत!" पाठीवर करंडी, कंबर वाकलेली, हाताला सडक्या फळाचा आंबूस वास. तो वास जेवतानाही जायचा नाही. पिशवीचं तोंड ती ताडाच्या पातीने बांधायची, दोन वेढे आणि गाठ, दातांनी ओढून. भरलेल्या पिशव्या खळ्यावर नेऊन ठेवायच्या. तिथून ज्याफूची गाडी त्या उचलायची. नव्या खड्ड्यापाशी लाल कापडाचा फलक लागला होता, 'एकजुटीने कीड नियंत्रण'. ज्याफूने फावडं हातात घेऊन फोटो काढला होता.

आणि माश्या कमी झाल्या नाहीत.

पहिल्या वर्षी लोक म्हणाले, वेळ लागेल. पण दुसऱ्या शरदात गळ आणखी वाढली, विशेषतः वरच्या पायऱ्यांवर, आणि लोकांची तोंडं फिरली. "सूफन काकू, आमच्या कंबरा मोडल्या आणि माश्यांना जुळी झाली," असं कोणी तरी तिला घाटावर ऐकवलं. होडीतले सगळे हसले. युंगथाय हसला नाही. त्याने होडी मुद्दाम जरा हेलकावली. घरी येऊन सूफनने चुलीवरच्या सोयाच्या भाजीत मिरच्या दुप्पट टाकल्या आणि दोघंही डोळे पुसत जेवले.

माश्या येतात कुठून? याचं उत्तर तिला ज्याफूनेच दिलं. एक दिवस शेडमध्ये बोलावून चहा पाजला आणि बोट वर केलं. "मी कोणाचं नाव घेत नाही, वहिनी. पण वर बघा जरा. छिन काकांची बाग."

म्हातारे छिन काका सगळ्यात वरच्या घरात एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगा दूर दक्षिणेला कारखान्यात, फोनवरच भेटणारा. गुडघे गेले होते. घराखालच्या तीन पायऱ्यांवर त्यांची जुनी झाडं होती. बायकोने रोपं घरी तयार करून लावलेली. काकांना तिथे उतरता येत नसे. फळं यायची, गळायची, तिथेच कुजायची. ज्याफू खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. त्या झाडांखाली अळ्या होत्याच.

सूफन पेटली. त्याच दुपारी दहा-बारा जणांना घेऊन वर गेली. काका उंबऱ्यावर मक्याचे दाणे सोलत बसले होते.

"काका, ही झाडं काढायला हवीत. अख्खं गाव यांच्यापायी मरतंय."

"मला खाली उतरता येत नाही, पोरी," काका म्हणाले. "नाही तर मी उचलली असती."

"तेच म्हणतेय ना मी! उतरता येत नाही तर झाडं ठेवायची कशाला?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग बाकीच्यांकडे. "मुलाला विचारतो," ते म्हणाले. मुलाने फोनवर सांगितलं, तोडू द्या, बाबा, भांडण नको. ज्याफूने शेडमधली करवत पाठवली. दोन दिवस वर यंत्राची करकर चालू होती. काका सोलत बसले होते तिथून हलले नाहीत. शेवटचं झाड पडलं तेव्हा ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्या रात्री सूफन दमून गाढ झोपली. काम झालं असं तिला वाटलं होतं.

हिवाळा सरला. बहर फुटायच्या बेतात होता. अशा दिवसांत बायका ओल्या जागी मासळीसारख्या वासाची पांढरी मुळं खणायला जातात, मिरची-मिठाबरोबर खायला. सूफन शेडच्या मागच्या घळीत उतरली. तिकडे सहसा कोणी जात नाही, चढ निसरडा आहे. खाली मात्र माती काळी, भुसभुशीत, आणि मुळं अशी जाड की तिला हसूच आलं. तिने खुरपं घातलं, ओढलं. मुळाबरोबर मातीचा गड्डा वर आला.

गड्ड्यात दाणे होते. पिवळट तपकिरी.

तिने दुसरीकडे उकरलं. तिथेही. तिसरीकडे माती कमी आणि दाणेच जास्त होते. एक दाणा तिने नखांमध्ये दाबला. दुधासारखा पांढरा थेंब निघाला. जिवंत. मग तिने पाला बाजूला सारला आणि तिला ताडाच्या पाती दिसल्या. वाळलेल्या, दोन वेढ्यांच्या, गाठ न सोडता कापून टाकलेल्या. ढीगच्या ढीग. शेजारी चेपटलेल्या सालींचा थर, फळावर फळ कुजून झालेला. हिरवी पिशवी मात्र एकही नाही.

पिशव्या कुठे गेल्या ते तिला वर चढताना दिसलं. शेडच्या मागच्या भिंतीला त्या धुऊन, घडी घालून रचल्या होत्या. काहींत कोंबडीखत भरलेलं होतं. चांगल्या जाड पिशव्या, वाया कशा घालवायच्या!

गावातल्या प्रत्येक झाडाखालची अळी माणसांनी वाकून वेचली, पाठीवर वाहिली, आणि या माणसाने ती सगळी एका जागी, मऊ मातीत, बागांना लागून पेरली. सुटी असती तर अर्धी पाखरांनी-मुंग्यांनी खाल्ली असती. आम्ही गोळा करून दिली! घळीच्या काठावरून तिला वर छिन काकांच्या पायऱ्या दिसत होत्या, आणि त्यांवरचे बुंधे.

ती शेडमध्ये गेली नाही. करंडीतली मुळं फेकून दिली, करंडी त्या मातीने भरली आणि घाटावर गेली.

युंगथायने माती बघितली, बोटाने ढवळली. "कुठली?"

तिने सांगितलं. त्याने बोट पाण्यात बुडवून धुतलं. "आज ज्याफूच्या नव्या घराच्या छपराचा मुख्य वासा चढतोय," तो म्हणाला. "सगळा गाव जेवायला तिथे आहे. बये, एक दिवस थांब. शुभकार्यात मातीची करंडी घेऊन गेलीस तर लोक तुलाच शिव्या देतील."

"देऊ देत."

"मी एवढंच म्हणतोय की उद्या..."

"म्हाताऱ्या, बहर फुटायला आलाय! यांच्यातून माशी निघायला किती दिवस उरलेत? त्याचा वासा चढेपर्यंत थांबू, मग कौलं चढेपर्यंत थांबू, मग नातू होईपर्यंत?"

युंगथायने होडी खुंटाला बांधली. "करंडी जड आहे," म्हणाला. "दे इकडे."

ज्याफूच्या अंगणात टेबलं मांडली होती. धुरावलेल्या मांसाची ताटं, मक्याची दारू, मुलांचा गोंगाट. वाशावर चढलेले सुतार वरून तांदळाच्या वड्या फेकत होते आणि खाली माणसं त्या झेलायला एकमेकांवर पडत होती. मधल्या टेबलावर वडीलधारी माणसं, त्यांत छिन काका. वयाचा मान म्हणून ज्याफूने त्यांना पाठीवर उचलून आणवलं होतं. सूफनने नवऱ्याकडून करंडी घेतली, अंगणाच्या मधोमध नेली आणि शुभकार्यासाठी अंथरलेल्या लाल कापडावर उपडी केली.

गोंगाट थांबला. वरून एक वडी टप्पकन मातीत पडली.

"बघा," सूफन म्हणाली. नदीपलीकडे जाणारा तो आवाज या वेळी मोठा नव्हता. "आपण वेचलेली फळं. दोन वर्षांची. खड्ड्यात नाहीत. याच्या शेडमागच्या घळीत आहेत, पिशव्या कापून ओतलेली. पिशव्यांत याने खत भरलंय."

ज्याफूची बायको किंचाळली, "आजच्या दिवशी! माझ्या घरात माती ओतते!" आणि लोकांचा पहिला राग सूफनवरच आला. काय ही रीत, शुभकार्य नासवलं, हिला कोणी तरी बाहेर काढा. ज्या बायका तिच्याबरोबर पहाटे फळं वेचायच्या त्याही तोंड फिरवून बसल्या. एकाने तर तिचा दंड धरला. युंगथायने त्याचा हात शांतपणे सोडवला.

ज्याफू हसत पुढे आला. "वहिनी, दारू न पिताच चढली का? जुना भुसा आहे तो. खड्डा भरला होता, थोडीफार फळं उरली असतील, पोरांनी टाकली असतील. हिवाळ्यात अळ्या मरतातच. बसा, जेवा."

"मेल्यात? मग दाब. सगळ्यांसमोर एक दाणा दाब."

त्याने दाबला नाही.

तेव्हा छिन काका टेबलाला धरून उठले. गुडघे न वाकवता, सरकत सरकत ते मातीपर्यंत आले. खाली वाकता येईना म्हणून त्यांनी काठीनेच माती पसरली. दाणे उघडे पडले, मूठ मूठ. मग त्यांनी ज्याफूला विचारलं नाही, सूफनलाही नाही, टेबलांवरच्या सगळ्यांकडे बघून विचारलं, "मग माझी झाडं कशाला तोडली?"

करवत धरणारे तिथेच होते, फांद्या ओढणारे तिथेच, ते लाकूड जाळून याच जेवणाचं मांस शिजलं होतं. काकांना उतरता येत नव्हतं. चार माणसांनी एक सकाळ दिली असती तर तिथली फळं वेचून झाली असती. हे सूफनला तेव्हा सुचलं नव्हतं. गावात कोणालाच सुचलं नव्हतं. करवत मात्र लगेच सुचली होती.

सगळ्यात आधी एक सुतार वाशावरून उतरला. "कुठे आहे ती घळ?" त्याने विचारलं. मग बाकीचे उठले. ताटं तशीच राहिली. शेडमागे घडी घातलेल्या हिरव्या पिशव्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या, तेव्हा ज्याफूचं हसू पहिल्यांदा गेलं. "खोदायचं यंत्र बिघडलं होतं," तो म्हणायला लागला. पण खड्डा खोदायच्या आठवड्यात ते यंत्र काय करत होतं ते त्याच्या नव्या अंगणाकडे बघून कळत होतं. असं सपाट अंगण अख्ख्या गावात दुसरं नव्हतं.

लाल फलकाखालचा खड्डाही उकरला. गुडघाभर खोल. वर चुन्याची पातळ साय.

दुसऱ्या दिवशी लू बाई आल्या. घळ बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मी फलक बघून गेले," त्या म्हणाल्या. "उकरून बघायला हवं होतं."

"बघायला हवं होतं," सूफन म्हणाली. तिला लू बाई आवडायच्या, पण त्या दिवशी ती कोणालाच सूट द्यायला तयार नव्हती, स्वतःलाही. "आता काय करायचं ते सांगा."

माती सगळी उचलणं शक्य नव्हतं, वेळ नव्हता. लू बाईंनी सांगितलं, चुना मिसळून तुडवा, वर जाड ताडपत्री पसरा, कडा मातीत पुरा, एक फट ठेवू नका. अख्खा गाव राबला. ज्याफूने दोन मजूर पाठवले आणि स्वतः तालुक्याला काम निघालं म्हणून निघून गेला. सूफनने त्या मजुरांना परत पाठवलं. "त्याला म्हणावं, तू ये. तुझे हात पाठव." तो आला नाही.

बहर संपला आणि माश्या निघाल्या. ताडपत्रीला एका कोपऱ्यात पारदर्शक तुकडा जोडलेला होता. सूफन रोज तिथे जाऊन बसायची. आत पिवळ्या माश्या प्लॅस्टिकला धडका देत होत्या, एकीवर एक, पंख चुरगळलेल्या. आवाज पावसासारखा यायचा. ती उठायची नाही. ही आपल्या झाडांवर गेली असती, ती मनात म्हणायची, ही पण, ही पण. काही निसटल्याच असतील. त्यांच्यासाठी बाटल्या टांगल्या होत्या.

मधल्या काळात ती छिन काकांकडे गेली होती. बरोबर चांगली कलमं होती, स्वतः निवडलेली. काकांनी दार उघडलं, कलमांकडे बघितलं.

"नको," म्हणाले.

"मी लावते, काका. पाणी मी घालीन. फळं मी वेचीन."

"संत्री नको, सूफन. ती तिच्या हातची होती. आता खिडकीतून दुसरी बघायची मला इच्छा नाही."

ती कलमं घेऊन दारात उभी राहिली. "मग काय लावू?" तिने विचारलं.

काकांनी खालच्या बुंध्यांकडे बघितलं. "मका," म्हणाले. "दाणे सोलायला तरी होतील."

तिने मका लावला. बुंधे काढायला युंगथाय आला, होडी बंद ठेवून. सूफनने काकांची माफी मागितली का, असं लोक विचारतात. मागितली. काका हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आत जाऊन दोघांसाठी चहा घेऊन आले, हळूहळू, भिंतीला धरत.

त्या शरदात गळ पुष्कळ कमी झाली. संपली नाही, पण ट्रक पुलावरून आत आले. ज्याफूवर काही कारवाई झाली नाही. तालुक्याच्या कचेरीत कोणी तरी म्हणालं की गावाने चूक सुधारली, आता ताणू नका. उलट तालुक्याच्या सभेत कीड आटोक्यात आणणारं गाव म्हणून ह्वांगपोला एक चकचकीत पाटी मिळाली, आणि ती घ्यायला मंचावर गेला फंग ज्याफू. सूफन मागच्या रांगेत होती. ती तिथेच उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "पाटी घळीत लाव! तिथेच तुझं काम झालंय!" तिला बाहेर नेण्यात आलं. बाहेर जातानाही ती बोलत होती. पुढच्या वेळी गावाने ज्याफूला निवडून दिलं नाही, पण त्या निवडणुकीला अजून दोन वर्षं होती, आणि ती दोन वर्षं तो तिच्यासमोरून तसाच हसत जायचा. तिला त्या हसण्याचा अजून संताप येतो.

खड्डा मात्र आता ती कोणावर सोडत नाही. यंत्र येतं तेव्हा ती काठावर उभी असते. गेल्या शरदात यंत्रवाल्याने खोदणं थांबवलं आणि हात झटकले. "झालं, काकू. पुरे एवढं."

सूफनने करंडी खाली ठेवली, चपला काढल्या आणि घसरत खड्ड्यात उतरली. तळाशी ताठ उभी राहिली. तिचं डोकं काठाच्या वर दिसत होतं.

"मी दिसतेय का तुला?"

"दिसताय."

"मग खोद."

"अहो, आधी बाहेर तर या!"

"तू यंत्र सुरू कर. मी बाजूला होते," ती खालून म्हणाली. यंत्रवाल्याने वैतागून युंगथायकडे बघितलं. युंगथायने खांदे उडवले, काठावर बसकण मारली आणि खिशातून तंबाखू काढली.